कावळा काय शिकला? रानपाखरांचं शिकणं टिपायला बसणाऱ्यांसाठी

आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर वाळकी पोळी ठेवली, की एक कावळा ती तिथे खात नाही. तुकडा चोचीत धरतो, टुणटुण उड्या मारत पाण्याच्या वाडग्यापाशी जातो, तुकडा पाण्यात सोडतो आणि मान तिरकी करून बघत राहतो. पोळी भिजली की काढून गिळतो. त्याच्या डाव्या पायाचं मागचं बोट वाकडं आहे, म्हणून तो मला लांबूनही ओळखू येतो.

दोन वर्षं मी हा प्रकार येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते. मग एकदा माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, हे त्याला आधीपासून येत होतं की तुझ्याकडे येऊन शिकला?" मला उत्तर देता येईना. माझ्याकडे शंभरेक फोटो होते, पण पहिल्यांदा त्याने पोळी कधी भिजवली, त्याआधी तो काय करायचा, त्याच्या आधी आणखी कोणी भिजवत होतं का, यातलं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. पक्षी शिकला असं म्हणायचं तर त्याचं "आधी" आणि "नंतर" दोन्ही हातात हवं. दुर्बिणीतून दिसतं ते फक्त "आत्ता". पुढचं सगळं या एका अडचणीवरचं आहे.

सुरुवातीला एक गोंधळ निस्तरा

पक्षी एखादी गोष्ट छान करतो म्हणजे तो ती शिकलाच असं नाही. टिटवीच्या घरट्याजवळ गेलात तर ती पंख मोडल्यासारखी लंगडत दूर जाते आणि तुम्हाला मागे ओढते. हा उपजत गुण आहे, तिला कोणी शिकवलेला नाही. मात्र रोज त्याच पायवाटेने जाणाऱ्या गुराख्याकडे ती कालांतराने दुर्लक्ष करू लागली आणि अनोळखी माणसाला पाहून अजूनही ओरडत असेल, तर ते शिकणं. आणि मोकळी माळरानं गेल्यावर काही टिटव्या इमारतींच्या सपाट गच्चीवर अंडी घालू लागल्या आहेत, ते नेमकं काय? एका टिटवीने केलेली नवी निवड, की तसं करणाऱ्यांची पिल्लं जगली म्हणून पुढे चाललेली गोष्ट? एका गच्चीकडे बघून ते सांगता येत नाही.

थोडक्यात तीन कप्पे डोक्यात ठेवा. उपजत, एका आयुष्यात शिकलेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड होत बदललेलं. खरा पक्षी बहुतेक वेळा तिन्ही कप्प्यांत एकेक पाय ठेवून उभा असतो (त्याला दोनच पाय आहेत ही आपली अडचण).

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गजबजाटात राहणारे टिट पक्षी उंच पट्टीत गातात असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपल्या सह्याद्रीतली राखी वल्गुली याच घराण्यातली. आता ही पट्टी प्रत्येक पक्षी स्वतः चढवतो, की खालच्या पट्टीत गाणाऱ्यांना जोडीदारच मिळत नाहीत? नुसत्या एका वेळच्या रेकॉर्डिंगवरून दोन्ही शक्य वाटतं. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोत रहदारी थांबली, तेव्हा तिथल्या पांढऱ्या शेंडीच्या चिमण्यांचं गाणं काही आठवड्यांतच हळू आवाजातलं झालं आणि खालच्या सुरांपर्यंत उतरलं. इतक्या थोड्या दिवसांत पिढी बदलत नाही. म्हणजे ही लवचीकता त्या जिवंत पक्ष्यांमध्येच होती. काळ मोजला म्हणून हे कळलं.

पहिली पायरी: रोज दिसणारा पक्षी घ्या

नवखे लोक इथेच फसतात. स्वर्गीय नर्तक किंवा धनेश बघायला सुट्टीत दोनशे किलोमीटर जायचं, चार तास बसायचं, फोटो घेऊन परत यायचं. पक्षी बघायला ते उत्तम आहे, शिकणं बघायला निरुपयोगी. तुम्हाला असा पक्षी हवा जो दात घासताना खिडकीतून दिसतो. कावळा, साळुंकी, चिमणी, बुलबुल, कबुतर, घार. गावाकडे असाल तर कोतवाल, गायबगळा आणि सातभाई.

यातही मी कावळा किंवा साळुंकीच सुचवेन. दोन्ही माणसाच्या आसपास जगतात, सगळं खातात, सगळ्यात नाक खुपसतात आणि आपल्याला वेळोवेळी नवीन काहीतरी करून दाखवतात. कबुतर मुद्दाम टाळा. त्याच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना त्रास होऊ शकतो, आणि मुंबईत कबुतरखान्यांचं प्रकरण २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेलं आहे. सोसायटीत भांडण लावून अभ्यास होत नाही.

शेतकऱ्यांकडे तर आयती प्रयोगशाळा आहे. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आल्यापासून पहिला गायबगळा किती मिनिटांत येतो? नांगर नुसता उभा असताना येतो का? इंजिन चालू आहे पण नांगर जमिनीत नाही, तेव्हा? तीन प्रश्न, एक घड्याळ, एक हंगाम. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो, तोही बघण्यासारखा. लोक गाठी-शेव फेकतात म्हणून ते येतात हे उघड आहे. तुम्ही काही फेकू नका, तेलकट-खारट खाणं त्यांच्या पोटाचं नाही. फक्त मोजा: कोणी नुसताच हात वर केला तर किती पक्षी वळतात?

सामान

वही, पेन, घड्याळ. दुर्बीण असेल तर आठ पट मोठं दाखवणारी पुरते, नसेल तरी खिडकीतल्या पक्ष्यासाठी अडत नाही. मोबाइल व्हिडिओसाठी ठेवा, पण वहीच्या जागी नको. व्हिडिओ साठत जातात आणि कोणी बघत नाही.

दुसरी पायरी: "कावळे" नाही, "हा कावळा"

सोमवारी घाबरलेला कावळा आणि शुक्रवारी न घाबरलेला कावळा हे दोन वेगळे कावळे असतील, तर कोणीही काही शिकलेलं नाही. ही चूक इतकी सहज होते की मी स्वतः ती निदान एक वर्ष केली.

पक्ष्याच्या पायात कडं घालणं हे परवानगीचं आणि प्रशिक्षणाचं काम आहे. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक ते करतात. आपण नैसर्गिक खुणा शोधायच्या. वाकडं किंवा तुटलेलं बोट, चोचीच्या टोकाला गेलेला टवका, पंखात उगवलेलं एखादं पांढरं पीस, साळुंकीच्या डोळ्यामागच्या पिवळ्या कातडीचा आकार, लंगड. शहरातल्या पक्ष्यांच्या पायांना दोरा-मांजा अडकून बोटं झडतात. त्याचं वाईट वाटतं, पण ओळख मात्र पक्की होते. पिसांच्या खुणा पिसं गळली की जातात, म्हणून पावसाळ्यानंतर पुन्हा तपासून घ्या. बोटाची आणि चोचीची खूण जास्त टिकते.

नाव द्यायचं तर द्या, फक्त स्वभाव सुचवणारं देऊ नका. "चोरट्या" असं नाव ठेवलंत की तो चोरी करतानाच दिसत राहील. माझा कावळा वहीत "वाबो" आहे, वाकडं बोट.

खूण सापडलीच नाही तर निदान वय ओळखायला शिका. कावळ्याच्या यंदाच्या पिल्लाची चोच आतून गुलाबी-लाल दिसते आणि पिसांना चकाकी कमी असते. मोठ्या कावळ्याची चोच आतून काळी. शिकण्याच्या अभ्यासात हा फरक फार उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: पंधरा मिनिटं, रोज, त्याच वेळी

रविवारच्या तीन तासांपेक्षा रोजची पंधरा मिनिटं कितीतरी बरी. मी सकाळी सातला बसते. पहिला आठवडा काहीही करू नका, काही ठेवू नका, हलवू नका. फक्त लिहा. हा आठवडा कंटाळवाणा असतो, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं असतं, कारण "आधी"चा कागद हाच.

लिहायची पद्धत आधी ठरवून घ्या. जे लक्ष वेधतं तेवढंच लिहिलं तर वहीत नुसती भांडणं आणि करामती जमतात. जीन आल्टमन या बबून माकडांच्या अभ्यासक. निरीक्षकाच्या या खोडीवर त्यांनी १९७४ साली लिहिलं, आणि प्राण्यांचं वागणं नोंदवण्याची शिस्त त्या लेखाने घालून दिली. त्यातली नवख्याला झेपणारी एक रीत अशी: एकच पक्षी ठरवायचा आणि ठरलेली मिनिटं तो जे करेल ते लिहायचं, तो नुसता बसून राहिला तर तेही. दुसरी रीत, दर मिनिटाला एकदा नजर फिरवायची आणि त्या क्षणी प्रत्येक जण काय करतोय तेवढंच टिपायचं. पहिल्या महिन्यात पहिली वापरा.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते:

"१२ जून. ७.०० ते ७.१५. ढगाळ, रात्री पाऊस. वाडगा भरलेला. पोळीचे ४ तुकडे, वाळके. ७.०४ वाबो आला, कट्ट्याच्या डाव्या टोकाला. ७.०५ तुकडा उचलला. पाण्याकडे गेला नाही, तिथेच पायाखाली धरून खाल्ला. (पोळी दमट होती का? हात लावून पाहिलं नाही.) ७.०९ दुसरा तुकडा, वाडग्यात. अंदाजे २० सेकंद. ७.११ साळुंकी २, वाबोपासून हातभर लांब. ७.१५ पर्यंत उरलेले २ तुकडे तसेच."

यात "हुशार", "लबाड", "रागावला", "आठवलं" यातला एकही शब्द नाही. हे शब्द वहीत लिहायला मी स्वतःवर बंदी घातली आहे. पानाच्या मागच्या बाजूला मात्र काय वाटेल ते लिहायला मोकळीक. वाटलेलं आणि दिसलेलं एकाच ओळीत आलं, की सहा महिन्यांनी ते वेगळं काढता येत नाही.

हवामान लिहायला विसरू नका. एकदा मी कट्ट्यावर नवी वस्तू ठेवून कावळ्याला यायला किती वेळ लागतो ते मोजत होते. चौथ्या दिवशी वेळ एकदम घसरला. मी खूश, भीड चेपली म्हणून भाचीला फोनही केला. नंतर पान उलटून पाहिलं तर आदला अख्खा दिवस मुसळधार पाऊस. तो सरावला नव्हता, उपाशी होता.

पहिला सराव: पावलं मोजा

हा सगळ्यात सोपा सराव, आणि याला काही ठेवावं लागत नाही. जमिनीवर चरणारी साळुंकी निवडा. एकसारख्या चालीने सरळ तिच्याकडे चालत जा. तिने पहिल्यांदा मान वर केली तिथे मनात खूण करा, उडाली तिथे थांबा, आणि तुम्ही थांबलात तिथून ती चरत होती त्या जागेपर्यंतची पावलं मोजा. भाजी मंडईत दहा साळुंक्या आणि गावाबाहेरच्या शेतात दहा. फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

पण त्या फरकाने हुरळून जाऊ नका. मंडईतल्या साळुंक्या माणसाला सरावल्या असतील, किंवा मुळातच धीट असणाऱ्याच मंडईत राहायला आल्या असतील आणि भित्र्या शेताकडे गेल्या असतील. हाच तो कप्प्यांचा गोंधळ. उलगडायचा तर जागा तीच ठेवून काळ बदलावा लागतो. तुमच्या भागात नवी बाग उघडणार आहे, रस्ता होणार आहे, गणपतीचा मांडव पडणार आहे? त्याच्या आधी दोन आठवडे मोजा, दरम्यान मोजा, नंतर मोजा. एका पक्ष्याकडे दिवसातून एकदाच चालत जायचं. अंडी-पिल्लं असलेल्या जोडीकडे मुळीच नाही.

दुसरा सराव: कपड्याचा चिमटा

रानपाखरांना नव्या वस्तूची धास्ती असते. माणसाच्या उष्ट्यावर जगणाऱ्या कावळ्यालाही ती असते, हे वाचून पटत नाही, करून पाहिल्यावर पटतं. एक आठवडा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी तेवढेच पोळीचे तुकडे ठेवा. तुम्ही मागे सरकल्यापासून चोच पहिल्यांदा तुकड्याला लागेपर्यंतचा वेळ लिहा. आठव्या दिवशी तुकड्यांशेजारी एक मोठा रंगीत कपड्याचा चिमटा ठेवा. बाकी सगळं तेच.

माझ्याकडे पहिल्या दिवशी वाबो पूर्ण पंधरा मिनिटं समोरच्या सोनमोहरावर बसून राहिला. मग तीनदा उडून आला, कट्ट्याच्या वर पंख फडफडवून परत गेला. चौथ्यांदा कडेला उतरला, मान लांबवली, पाय मागे. अंग पुढे येतंय आणि पाय येत नाहीत असं ते दृश्य. साळुंकी मात्र आली आणि चिमट्याला वळसा घालून एक तुकडा घेऊन गेली.

वेळ पुन्हा पहिल्या आठवड्याइतका येईपर्यंत चिमटा तिथेच राहू द्या. मग दोन दिवस काहीच ठेवू नका आणि त्यानंतर वेगळ्याच आकाराची वस्तू ठेवा, चहाची गाळणी म्हणा. खरा मजेचा भाग हा आहे. पक्षी पुन्हा पहिल्यापासून घाबरला, तर तो "हा चिमटा निरुपद्रवी आहे" एवढंच शिकला. दुसऱ्या वेळी लवकर आला, तर कदाचित "या कट्ट्यावर अधूनमधून काहीबाही असतं, त्याने काही होत नाही" असं काहीतरी शिकला. या दोन शिकण्यांत फार अंतर आहे. दोरा, चमकी, रबरबँड, धारदार किंवा गिळता येईल असं काही ठेवायचं नाही.

हा सराव केल्यापासून मी दहाव्याच्या पिंडाकडेही वेगळ्या नजरेने बघते. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण नदीघाटावर, जिथे रोज पिंड ठेवले जातात, तिथले कावळे माणसं मागे सरायच्या आधीच तयार असतात. तेच पान एखाद्या इमारतीच्या गच्चीवर ठेवलं, भोवती वीस माणसं टक लावून उभी राहिली, की कावळा तास-तास शिवत नाही आणि घरच्यांच्या पोटात कालवतं. नवी जागा, नवी वस्तू, एवढे डोळे. माझा चिमटा तर एकटाच होता. आणि सर्वपित्री अमावास्येला तर गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर पान वाढलेलं असतं. कावळ्यांचं पोट ते केवढं!

तिसरा सराव: कोणाकडून शिकलं?

हे सगळ्यात अवघड, आणि इथे घाई सगळ्यात जास्त होते.

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग गावी १९२१ साली टिट पक्षी दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं फोडून वरची साय खाताना नोंदले गेले. पुढच्या तीस वर्षांत ही खोड देशभर पसरली. जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी १९४९ साली त्या नोंदी एकत्र मांडल्या. नोंदी कोणाच्या, तर बहुतेक तुमच्याआमच्यासारख्या हौशी लोकांच्या. सगळ्यांना वाटलं, पक्षी एकमेकांचं बघून शिकले. पण १९८४ साली डेव्हिड शेरी आणि बेनेट गेलेफ यांनी चिकडी नावाच्या, त्याच घराण्यातल्या पक्ष्यांवर प्रयोग केला. दुसरा पक्षी झाकण उघडताना न बघताही, नुसती आधीच उघडलेली डबी मिळाली तरी पुढे कित्येक चिकडी स्वतः डबी उघडू लागले. म्हणजे उष्टी बाटलीच गुरू झाली असू शकते.

मग बघून शिकतच नाहीत का? शिकतात. ऑक्सफर्डजवळच्या वाइटम जंगलातल्या टिटांवरचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. खाऊच्या पेटीचं सरकतं दार एका बाजूने ढकललं काय किंवा दुसऱ्या, अळी मिळायचीच. प्रत्येक गटातले दोनच पक्षी शिकवून सोडले, काहींना एक बाजू, काहींना दुसरी. खोड गटभर पसरली आणि ज्या गटाला जी बाजू मिळाली तीच तिथली रीत होऊन बसली. दोन्ही बाजूंनी सारखाच खाऊ मिळत असताना गटागटात फरक पडला, याला "स्वतःच सुचलं" हे उत्तर पुरत नाही. सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर दुसरं उदाहरण दारातच दिसेल. पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवा कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचलून उघडतात. २०१८ च्या आधी तीन उपनगरांतून असं कळत होतं, २०१९ अखेर ४४. पसरत गेलं ते शेजारच्या उपनगरांतून शेजारच्या उपनगरांत, आणि झाकण उघडायची ढबही ठिकाणागणिक थोडी वेगळी. लोकांनी झाकणावर विटा ठेवायला सुरुवात केली, शेजाऱ्याची युक्ती बघून शेजाऱ्याने.

आपल्याला कट्ट्यावर एवढं काटेकोर करता येणार नाही. पण एक करता येतं. एखादी खोड पहिल्यांदा कोणी केली, तेव्हा आजूबाजूला कोण होतं, त्यांची तोंडं कुठे होती आणि दुसऱ्याने ती कधी केली, हे तारखेसह लिहिता येतं. यासाठी जून-जुलै सोन्यासारखे. कावळ्यांची पिल्लं घरट्यातून बाहेर पडलेली असतात, आईबापांमागे पंख थरथरवत फिरतात आणि त्यांच्या प्रत्येक खाण्याला साक्षी असतात.

पावसाळ्यात सुगरणीकडे जाच

विहिरीवर वाकलेली बाभूळ, शिंदीचं झाड, ओढ्याकाठचा बांध. जून ते सप्टेंबरमध्ये तिथे सुगरणीची वसाहत सापडली तर बाकी सगळं बाजूला ठेवा. वीणकाम नर करतो. शेकडो फेऱ्या मारून भाताच्या आणि गवताच्या पात्यांच्या पट्ट्या फाडून आणतो. घरटं अर्धं, टोपासारखं झालं की थांबतो आणि पंख फडफडवत मादीला बोलावतो. तिला पसंत पडलं तर पुढचं विणणं, नाहीतर ते तसंच लोंबकळत राहतं. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला अशीच वसाहत रोज बघितली आणि एक नर एकामागून एक घरटी विणून एकाहून अधिक माद्यांशी संसार करतो हे उलगडलं. उपकरणं कसली, तर चिकाटी.

विणायची ओढ उपजत आहे. सफाई मात्र हाताला, म्हणजे चोचीला, वळण लागल्यावर येते. आफ्रिकेतल्या एका विणकर पक्ष्यावर निकोलस आणि एल्सी कोलायस या दांपत्याने १९६० च्या दशकात प्रयोग केले. ज्या कोवळ्या नरांना पाती हाताळायलाच मिळाली नाहीत, ते पुढे विणण्यात मागे पडले. आपल्या वसाहतीतही एका फांदीवर रेखीव टोप आणि शेजारी विस्कटलेली गाठोडी दिसतील. फांदीचं साधं चित्र काढा, प्रत्येक घरट्याला क्रमांक द्या, आणि आठवड्यातून दोनदा जाऊन कुठलं वाढलं, कुठलं सोडून दिलं, कुठलं मोडलं ते भरा. घरटी झाडाच्या कोणत्या बाजूला जास्त आहेत तेही. बहुतेकदा पूर्वेला असतात, नैर्ऋत्येचा मोसमी वारा चुकवून. खाली पडलेलं घरटं हातात घेऊन गाठ बघायला हरकत नाही, लटकणारं तोडायचं नाही.

न शिकलेलंही लिहा

चैत्र-वैशाखात शिंजीर गाडीच्या आरशातल्या स्वतःशी भांडत राहतो. दिवसेंदिवस, त्याच आरशात. काल त्यातून काही निघालं नाही, परवाही नाही, तरी आज पुन्हा. आणि ज्या कावळ्याचं आपण एवढं कौतुक करतो तो कोकिळेचं पिल्लू स्वतःचं समजून भरवतो. वाढलं की ते दिसतं वेगळं, तरी भरवतो. वहीत अशी पानं नसतील तर तुम्ही फक्त करामती वेचत आहात.

आणि तो तुम्हाला शिकतोय

सिएटलमध्ये जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, कडी घालून सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कोणीही विद्यापीठाच्या आवारात फिरलं की कावळे ओरडून पाठलाग करत. तुलनेसाठी वापरला होता अमेरिकेच्या तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्षांचा, डिक चेनींचा मुखवटा. त्याच्याकडे कावळ्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षांत, कधीच न पकडलेले कावळेही आदिमानवावर ओरडू लागले.

तेव्हा तुमच्या प्रत्येक नोंदीत तुम्हीही आहात. शक्य तर एकाच जागी, एकाच तऱ्हेच्या कपड्यांत बसा. मधूनच घरातल्या दुसऱ्या कोणाला तुकडे ठेवायला सांगा आणि वेळ बदलतो का ते बघा. खाणं थोडंच आणि साधं ठेवा, शेव-फरसाण नको. वाडगा रोज घासा. घरट्याच्या जवळ जाऊ नका, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, अंडी-पिल्लं हाताळणं तर कायद्यानेही गुन्हा आहे. संख्या आणि तारखा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत चला, तिथे टिपणाला जागा असते. वर्तनाचं एक वाक्य त्यात लिहिलंत तर तीस वर्षांनी कोणाच्यातरी दुधाच्या बाटलीच्या कामी येईल.

वाबोचं काय? यंदा त्याच्यामागे दोन पिल्लं आली. १४ जुलैपासून ती कट्ट्यावर बसून त्याचं भिजवणं बघतात, मध्येच चोच उघडून ओरडतात, तो भिजलेला तुकडा एकाच्या घशात कोंबतो. २१ जुलैला, ७.२० वाजता, वाबो नसताना त्यातल्या एकाने वाळका तुकडा उचलला. उड्या मारत गेलं, तुकडा वाडग्यात टाकला आणि मान तिरकी करून बघत राहिलं. पुढची ओळ वहीत अशी आहे: "वाडगा कोरडा. भरायला मी विसरले."